ब्रेक ऑइलच्या बाटलीत भलतंच तेल, मला बसला 25,027 चा फटका

लाज वाटतेय लिहायला, पण लिहितो. ब्रेक ब्लीडिंग (जुनं ब्रेक ऑइल हवेसकट काढून नवं भरणं) मी घरीच करतो, गेली सहा वर्षं, त्यामुळे "जमत नाही तर हात कशाला घालायचा" हे कृपया कुणी ऐकवू नका. उलट दर दोन वर्षांनी बदलतो, कारण हे ब्रेक फ्लुइड ओलावा ओढतं आणि डॉट 4 (मी वापरतो तो दर्जा) चा 230 अंशांचा उकळबिंदू 155 पर्यंत घसरू शकतो. काम चोख होतं, माल बोगस होता.

ऑनलाइन अर्ध्या लिटरच्या 3 बाटल्या मागवल्या, 449 ची एक, एकूण 1,347. नावाजलेलं लेबल, बॅच नंबर, रेटिंग भारी. (रेटिंग कसं वाढवतात ते मलाही माहीत होतं, सांगू नका.) बायको पेडलवर, मी खाली चाकामागच्या निपलपाशी (जिथून जुनं फ्लुइड सोडतात), "दाब... धरून ठेव... सोड", ट्यूबमधले बुडबुडे संपेपर्यंत.

आणि माती कुठे खाल्ली, तर ओतताना एक थेंब फेंडरवर पडला. ब्रेक फ्लुइड रंग खातं म्हणून पळत जाऊन मगभर पाणी ओतलं, तर पाणी मण्यांसारखं घरंगळून गेलं आणि तो थेंब जागच्या जागी, वर रंगीत तवंग. आपण म्हणतो ब्रेक ऑइल, पण ते ग्लायकॉल असतं, पाण्यात विरघळतं, हे मला पाठ आहे हो! आणि मी काय केलं, फडक्याने पुसलं आणि वर खूश झालो की चला, रंग वाचला. तिथेच थांबलो असतो तर 1,347 वर निभावलं असतं.

नवव्या दिवशी पेडल दगडासारखं, गाडी ओढेना, पुढच्या चाकांना जळका वास. (असं झालं तर घरापर्यंत नेऊ वगैरे करू नका, तिथेच उभी करा.) रिझर्व्हॉयरचं (ब्रेक फ्लुइडच्या टाकीचं) झाकण उघडलं तर आतलं रबर फुगलेलं, परत बसेचना. म्हणजे बाटलीत होतं मिनरल ऑइल, पेट्रोलियमचं तेल, त्याने ब्रेकचं रबर फुगतं. मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे सील, मागचे कप, होस, जिथे जिथे रबर तिथे तिथे खर्च, 23,680. नुसतं फ्लश करून (आतलं तेल धुऊन काढून) भागेल म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता तक्रारीचं. कस्टमर केअरला 11 फोन, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, उत्तर एकच, "सर, सील तोडल्यावर रिटर्न नाही." अरे, सील न तोडता आत काय आहे ते कळणार कसं? पोलीस म्हणाले, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, खात्यातून पैसे चोरीला गेले का, नाही ना, मग ग्राहक तक्रार करा. तिथे म्हणे लॅबचा रिपोर्ट आणा, कुठून आणायचा ते विचारलं तर "ते तुम्ही बघा". लेबलवरच्या कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं, हा माल आमचा नाही. अहो तेच तर सांगतोय! आणि तो विक्रेता नाव बदलून, तेच फोटो लावून परत विकतोय.

ओतायच्या आधी ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघा, तरंगलं तर फेका. एक मिनिटाचं काम आहे, मी केलं नाही.

तिसरी बाटली तशीच ठेवलीय, फॉइल न काढता. पुरावा म्हणून. अजून कुणी मागितलेला नाही.