विंडोज की मॅक? घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

इंदिरानगरमधल्या माझ्या खोलीत भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, शाळांची स्वागतगीतं, एकांकिकांचं पार्श्वसंगीत असं काम चालतं. बरीच वर्षं विंडोजवर केलं, आता मॅकवर करतो. ‘आम्हीही बदलावं का?’ असं नाशिकमधली संगीत करणारी मंडळी विचारतात, म्हणून हे लिहितोय. प्रोसेसरचे आकडे दुकानदार सांगेलच.

सॉफ्टवेअरवाचून अडेल, ही भीती आता फारशी उरलेली नाही. क्युबेस, रीपर, एबलटन ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतात. एफएल स्टुडिओही २०१८ पासून मॅकवर आहे. लॉजिक मात्र फक्त मॅकवर. २००२ मध्ये अ‍ॅपलने ते बनवणारी इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली.

खरा फरक पडतो तो वादक समोर बसल्यावर. आमचे पेटीवाले काका कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधली बासरी वाजवतात. पट्टी दाबल्यावर हेडफोनमध्ये सूर किती उशिरा येतो, ते मुख्यतः बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) एका दमात हाताळतो त्यावर, ठरतं. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. इंटरफेसचा, म्हणजे माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा, वेळ त्यावर आणखी. कागदावर १२ म्हणजे काहीच नाही, पण द्रुत लयीत हात अडखळतो आणि वादकाला वाटतं आपलंच चुकतंय. गायकाला डायरेक्ट मॉनिटरिंग देता येतं, म्हणजे त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनमध्ये. सॉफ्टवेअरमधल्या वाद्याला तो उपाय नाही, कारण त्याचा सूर तयारच कॉम्प्युटरमध्ये होतो.

म्हणून बफर १२८ वर आणायचो, आणि माझ्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर मधेच ‘टक्’ व्हायचं. सतत नाही, एखाद्या कडव्यात एकदा, आणि तेही टेकमध्ये कायमचं उमटायचं. शोधत गेलो तेव्हा कळलं की वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो आणि तेवढ्यात ऑडिओची पाळी हुकते. मग प्रत्येक रेकॉर्डिंगआधी वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, अपडेट थांबव, पॉवर प्लॅन तपास. पंचवटीतून अख्खं मंडळ टाळ-पखवाज घेऊन आलेलं, बुवांचा गळा तापलेला, आणि मी सेटिंगमध्ये डोकं घालून बसलेलो. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. रंगलेला अभंग पुन्हा म्हणायला सांगितला तर तो तसाच रंगत नाही.

सगळा दोष विंडोजच्या माथी मारणं योग्य नाही. तिथे कमी लेटन्सीसाठी, म्हणजे सूर कमी उशिरा यावा म्हणून, आपण ज्यावर विसंबतो तो एएसआयओ हा ऑडिओचा मार्ग स्टाइनबर्ग कंपनीचा, आणि त्याचा ड्रायव्हर बहुतेक इंटरफेस कंपन्या आपापला लिहितात. तो नीट लिहिलेला असला आणि मशीन जमलं, तर विंडोज सुरेख चालतं. मित्राकडे तसं चालताना मी पाहिलंय. मॅकमध्ये हेच काम करणारा कोअर ऑडिओ सिस्टीमचाच भाग आहे आणि बरेच यूएसबी इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. माझा तोच इंटरफेस आता ६४ च्या बफरवर चालतो. यंत्र लावून मोजलेलं नाही, पण काकांचं ‘उशिरा येतंय रे’ बंद झालं.

शिवाय मी घेतलेल्या मॅकबुक एअरला पंखा नाही. एका खोलीत माइक आणि लॅपटॉप शेजारी असताना हे फार मोलाचं आहे. वळवाच्या दिवसांत लाईट गेली तरी बॅटरीवर त्याचा वेग पडत नाही.

मॅकचा त्रास पैशांचा. रॅम नंतर वाढवता येत नाही. विंडोजचे प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) तसेच्या तसे चालत नाहीत आणि माझे काही लाडके फुकट प्लगिन मॅकसाठी निघालेच नाहीत. दरवर्षी नवी आवृत्ती येते तेव्हा प्लगिनवाल्यांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत अपडेट करू नये.

तुमचं बहुतेक काम माउसने बीट मांडण्याचं असेल, समोर कोणी वाजवत नसेल, तर बहुधा विंडोजवरच राहा आणि उरलेल्या पैशांत चांगला माइक घ्या. पण माणसं घरी येऊन गाणार-वाजवणार असतील, तर मी मॅककडे झुकेन. जुना एम१ चिपचा मॅक मिळाला तरी चालेल, रॅम मात्र १६ जीबी बघा. वाद्यांच्या आवाजांचे सॅम्पल बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येतात. आणि जुना लॅपटॉप विकण्याआधी प्रत्येक गाण्याचे सगळे ट्रॅक पहिल्या मात्रेपासून वेव्ह फाइलमध्ये काढून दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट डिस्कवर ठेवा. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहू देत नाही.