चामारे संग्रहालय, मुआ (मलावी): मुखवटे पाहायचे तर इथेच

चेवा लोकांच्या गुले वामकुलू या मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या विधी-नाचाची एवढी दाट मांडणी दुसरीकडे मिळणं कठीण. देदझा जिल्ह्यातल्या मुआ मिशनमध्ये 1976 साली सुरू झालेल्या कुंगोनी या कला-संस्कृती केंद्राचं हे संग्रहालय. शेकडो मुखवटे आहेत. लाकडी चेहऱ्यांच्या कडेला चिंध्या, पिसं, केस. गाइड घ्याच, नाहीतर कोणतं पात्र कशासाठी नाचतं ते कळत नाही. उणीव एकच, पण मोठी: भिंतीवरचा मुखवटा मुका. ढोल, गाणं, पावलं नसली की नोंद अर्धीच राहते. म्हणून प्रत्यक्ष नाचाची आगाऊ विचारणा करा. गावात मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. हा नाच करणाऱ्या न्याऊ मंडळाची गुपितं दीक्षा घेतलेल्यांपुरतीच. आणि मुखवट्याआड कोण, हे तर विचारूच नका.