नव्या पेठेतले फ्रेमवाले आणि शशिकलाबाईंचा फोटो

हिंदी चित्रपटांतल्या अभिनेत्री शशिकलाबाई सोलापूरच्या. ४ ऑगस्ट १९३२ ला त्या इथे जन्मल्या, लहानपणी सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंचांवर नाचल्या-गायल्या, वडिलांचा धंदा बुडाल्यावर घर मुंबईला गेलं आणि पुढची सहा दशकं आपण त्यांना पडद्यावर पाहिलं. ४ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या. तेव्हापासून या दोन तारखा जवळ आल्या की त्यांच्या चाहत्यांना एक चांगला, भिंतीवर लावण्याजोगा फोटो हवा असतो, आणि नेमका तोच मिळत नाही. चौकाचौकात फ्लेक्स छापून देणाऱ्या या शहरात जुन्या नटीचा एक धड फोटो करून घेणं अवघड का जातं आणि नव्या पेठेतलं एक छोटं दुकान ते काम कसं नीट करतं, हे सांगण्यासाठी हे लिहिलं आहे.

दुकान मुख्य रस्ता सोडून थोडं आत आहे. पुढच्या बाजूला देवांच्या तसबिरी आणि वाडवडिलांचे फोटो, वर आडव्या लावलेल्या फ्रेमच्या पट्ट्या, मागे स्कॅनर, संगणक आणि टेबलाएवढा प्रिंटर. पट्टी कापायला आणि काच बसवायला मालक स्वतः असतात, संगणकावर त्यांचा भाचा बसतो. स्कॅन, दुरुस्ती, छपाई आणि फ्रेम ही चारही कामं एका छपराखाली होतात, हा मोठा फायदा. चार ठिकाणी फिरलेल्या फोटोत काही बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

काम बिघडायला सुरुवात होते ती मूळ फोटोपासून. नेटवर नुसतं ‘शशिकला’ टाकलं की तामिळनाडूच्या राजकारणातल्या शशिकला आधी येतात. नावाच्या साधर्म्यामुळे अभिनेत्री शकिला यांचे फोटोही त्यांच्या नावावर खपतात. ‘आरती’ चित्रपटातला फोटो शोधावा तर त्यातल्या नायिका मीनाकुमारी पुढे येतात. त्यामुळे दुकानात जाण्याआधी चित्रपटाचं नाव आणि साल जोडून शोधावं, आणि फोटो त्यांचाच आहे ना, हे त्या चित्रपटातल्या चालत्या दृश्याशी ताडून पाहावं.

त्यानंतरचा घोळ व्हॉट्सअ‍ॅपचा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. तो २० इंचांवर ताणला तर इंचाला जेमतेम ८० ठिपके पडतात, आणि हवे असतात ३००, निदान २००. म्हणजे १६ बाय २० इंचांसाठी ४८०० बाय ६००० पिक्सेलची फाइल उत्तम, ३२०० बाय ४००० ची चालवून घेता येते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा पेनड्राइव्हवर न्यावा. भाचा फाइल उघडतो आणि आधी पिक्सेल मोजून दाखवतो. कमी असतील तर ‘एवढ्याच साइजला चांगला येईल’ असं स्पष्ट सांगतो, मोठी ऑर्डर हातची गेली तरी. हा प्रामाणिकपणा आमच्या लेखी फार मोलाचा.

चित्रपट थांबवून काढलेला स्क्रीनशॉट नेणारेही बरेच असतात. जुना चित्रपट फुल एचडी असला तरी त्याचं चित्र साधारण १४४० बाय १०८० एवढंच असतं, त्यात चेहरा चारशे-पाचशे पिक्सेलचा. तो दहा इंचांचा केला की डोळे विरघळतात. वर काही चॅनेलवाले ४:३ चं (रुंदी-उंचीचं जुनं प्रमाण) चित्र १६:९ या रुंद पडद्याच्या प्रमाणात ताणतात, त्यात चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. शशिकलाबाईंचा निमुळता, तरतरीत चेहरा असा पसरला की ओळखू येत नाही. इलाज सोपा आहे, रुंदी ७५ टक्क्यांवर आणायची. इथे न सांगता ते केलं जातं. इतर ठिकाणी सांगावं लागतं, आणि सांगूनही कधी कधी उंचीच वाढवून मिळते.

सगळ्यांत उत्तम म्हणजे खरा फोटो, म्हणजे रसायनात धुऊन कागदावर उतरवलेला. चार बाय सहा इंचांचा प्रिंट १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला की ४८०० बाय ७२०० पिक्सेल मिळतात, त्यात १६ बाय २० आरामात निघतो. गाण्यांच्या जुन्या पुस्तिकेतलं किंवा मासिकातलं चित्र असेल तर गोष्ट वेगळी. ते छपाईच्या ठिपक्यांचं असतं. सरळ स्कॅन केलं की गालावर जाळी उमटते आणि ती चेहऱ्यासकट मोठी होते. हा भाचा पान काचेवर दहा-पंधरा अंश तिरकं ठेवून स्कॅन करतो, ठिपके विरघळवतो आणि मग चित्र सरळ करतो. तरी अशा चित्राचा आठ बाय दहापेक्षा मोठा फोटो करू नये. पुस्तिकेची पिन मात्र आपण घरी काढू नये. गंजलेल्या पिनेभोवती कागद कुजलेला असतो, ओढली की पान फाटतं. दुकानात ती मागून पाय उघडून काढतात.

आता दुरुस्तीबद्दल, कारण दुकान निवडायचं ते या कामासाठी. हल्ली फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की जुना चेहरा क्षणात लख्ख होतो. तो चेहरा त्या माणसाचा नसतो. अ‍ॅपला पापण्या नीट दिसत नाहीत म्हणून ते नव्या पापण्या घालतं, ओठ भरतं, दात एकसारखे करतं, कातडी मेणासारखी गुळगुळीत करतं. शशिकलाबाईंच्या बाबतीत हे अक्षम्य आहे, कारण त्यांचा सगळा अभिनय त्या किंचित उचललेल्या भुवईत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात होता. ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. ‘गुमराह’मध्ये धमकावून पैसे उकळणाऱ्या बाईचं ते गोड हसणं आठवा. ओठ हसतात आणि भुवई हिशेब मांडत असते. अ‍ॅप दोन्ही भुवया सारख्या करतं, आणि मग उरते ती कुणीतरी सुंदर बाई.

इथलं काम जवळून बघण्यासारखं आहे. समजा फोटोवर डाव्या डोळ्याच्या वरून घडीची पांढरी रेघ गेली आहे. भाचा चित्र ४०० टक्के मोठं करतो. रेघेच्या अगदी लगतच्या कातडीचा तुकडा उचलतो, लांबच्या गालाचा नाही, कारण उजेड तिथे वेगळा पडलेला असतो. सुईच्या टोकाएवढ्या ब्रशने तो रेघेवर ठेवत जातो. भुवईपाशी आला की ब्रश आणखी बारीक करतो आणि केसांच्या दिशेनेच फिरवतो. बुबुळातला उजेडाचा पांढरा ठिपका धूळ समजून पुसला तर डोळा मरतो, म्हणून तो ठिपका आधी वेगळ्या थरावर जपून ठेवतो. शेवटी दुरुस्त केलेल्या जागेवर मूळ फिल्मचे कण परत पेरतो, नाहीतर तेवढाच भाग प्लास्टिकसारखा चमकतो. मागे मालकांचं लक्ष असतंच. “ताई, डाग काढतो की ओ. भुवईला हात लावत नाही बघा,” असं ते गिऱ्हाइकाने न विचारता सांगतात.

दुरुस्ती झाली की चार बाय सहाचा कच्चा प्रिंट मागावा, तो देतात. मूळ फोटो शेजारी धरून हातभर अंतरावरून बघावा. आधी डोळे, मग भुवया, मग हनुवटीची कड. यातलं काही खटकलं तर छपाईआधीच बोलावं. त्यानंतर बदल करायचा तर पैसे पुन्हा पडतात, आणि ते योग्यच आहे.

काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग भरून घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. ‘सुजाता’, ‘आरती’, ‘अनुपमा’ हे कृष्णधवल चित्रपट. त्यातल्या साडीचा खरा रंग कुणी सांगू शकत नाही, मशीन अंदाजाने भरतं आणि कातडीला नारिंगी झाक आणतं. रंगीतच हवा तर ‘गुमराह’ किंवा ‘फूल और पत्थर’मधला घ्यावा, तिथे रंग मुळातला आहे. निवडच करायची तर ‘सुजाता’तली रमा घ्यावी. खलनायिका म्हणून लोकांनी त्यांना इतकं लक्षात ठेवलं, की नूतनच्या बाजूने उभी राहणारी ती हसरी, मोकळी बहीण विसरली गेली. भिंतीवर रोज दिसायला तो चेहरा हवा. कायद्याच्या बाजूनेही ते सोयीचं आहे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो (छायाचित्राचा मात्र २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं). १९५९ च्या ‘सुजाता’ची मुदत २०१९ अखेर संपली, १९६६ च्या ‘अनुपमा’ची २०२६ अखेरपर्यंत आहे. घरातल्या एका फोटोला कुणी विचारत नाही, पण प्रती काढून विकायच्या असतील तर हे ध्यानात असू द्यावं.

छपाईत एकच गोष्ट जपायची. रंगीत शाईच्या मशीनवर काळा-पांढरा फोटो छापला की त्याला हिरवट किंवा जांभळट झाक येते, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती कळत नाही. प्रिंट घेऊन दारात यावं, दिवसाच्या उजेडात पण सावलीत बघावं. झाक असेल तर ते विनातक्रार पुन्हा काढून देतात. कागद मॅट किंवा हलक्या दाण्याचा घ्यावा, चकचकीत कागदावर काच बसली की दुहेरी चमक येते. फ्लेक्स आठ-दहा फुटांवरून बघायला ठीक, घरात नको.

फ्रेमचं काम नीटस आहे, पण तिथे आपणही जागं राहावं. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट, मागावाच. फोटो थेट काचेला टेकला की पावसाळी दमटपणात चिकटतो, आणि पुढे सोडवताना चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. तीन बाजूंनी दोन इंच आणि खाली अडीच इंच माउंट ठेवला की फोटो घसरल्यासारखा दिसत नाही. काच दोन मिलिमीटरची पुरते. माउंट धरून फ्रेम २० बाय साडेचोवीस इंचांची होते, तिच्या काचेचंच वजन दीड किलोच्या वर जातं, म्हणून एका खिळ्यावर न टांगता दोन हुक लावून घ्यावेत. मालक सवयीने एकच लावतात, सांगितलं की दुसरा लावून देतात.

आपल्या गावाची म्हणून एक खास अडचण आहे. पूर्व भागात यंत्रमागांमुळे हवेत कापसाचे तंतू असतात, आणि फ्रेमची मागची बाजू उघडी राहिली की वर्षभरात ते काचेच्या आत दिसू लागतात. काळ्या केसांवर पांढरा तंतू लगेच डोळ्यांत भरतो. मागे चारही कडांना कागदी टेप लावून घ्यावी. त्याने कसरही आत जात नाही. काच बसवण्याआधी मालक फोटोवर रबरी फुग्याने हवा मारतात आणि काच दोन्ही बाजूंनी पुसतात, एवढी काळजी फार थोडे घेतात. पट्टीच्या चारही कोपऱ्यांवरून मात्र नख फिरवून बघावं. फट असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात, पश्चिमेच्या भिंतीवर, ती वाढणार.

नाव घालायचं असेल तर कागदावर लिहून द्यावं. ‘शशिकला’, शि ऱ्हस्व. ‘शशीकला’ छापून येणं ही नेहमीची चूक. २००७ ची पद्मश्री नावाच्या आधी जोडू नये. पद्म पुरस्कार नावामागे-पुढे पदवीसारखे वापरायचे नसतात. खाली वेगळ्या ओळीत ‘पद्मश्री, २००७’ एवढं पुरे. आणि त्यावर ‘जन्म : सोलापूर’ ही ओळ हवीच. आपल्याच शहरात कित्येकांना हे माहीत नसतं.

खऱ्या फुलांचा ओला हार काचेवर टेकवू नये. पाणी निथळून खालच्या पट्टीतून आत शिरतं आणि माउंटवर तपकिरी डाग चढतो. हार वरच्या हुकांना अडकवावा, खाली फ्रेमपासून बोटभर सुटा ठेवावा आणि संध्याकाळी काढावा. समई दीड-दोन फुटांवर ठेवावी.

दर आम्ही विचारले तेव्हा असे होते : स्कॅन ५० रुपये, दुरुस्ती ३०० ते ७०० (चेहऱ्यावर किती नुकसान आहे त्यावर), १६ बाय २० चा प्रिंट ४५०, माउंट-काचेसह साधी काळी पट्टी ९०० च्या आसपास. जाड सोनेरी पट्टी दाखवतील, ती नाकारावी. कृष्णधवल फोटोभोवती सोनेरी पट्टी असली की नजर पट्टीवरच जाते.

उणिवा आहेत. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. दुरुस्त केलेली फाइलही आपणहून देत नाहीत, ती पेनड्राइव्हवर टिफ (दर्जा न घटवता चित्र साठवणारा प्रकार) करून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी दुरुस्तीचा खर्च पडणार नाही. लग्नसराईत सांगितलेली तारीख हमखास चार-पाच दिवस पुढे जाते, आणि ४ एप्रिल त्याच धावपळीत येतो. त्या दिवसासाठी फोटो हवा असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यावा. ४ ऑगस्टसाठी जुलैच्या मध्यावर दिला तरी चालतो, तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि भाचा एकेका भुवईला हवा तेवढा वेळ देतो.