२८ आठवड्यांआतलं बाळ: ओपन वॉर्मर की बंद पेटी?

चाळीसगाव, शहादा अशा ठिकाणी छोटं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) काढायला निघालेले आमचे ज्युनिअर हाच प्रश्न घेऊन येतात: अठ्ठावीस आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर ठेवायचं की बंद पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये? मी दोन्हींवर काम केलंय, म्हणून सांगतो.

वॉर्मरवर बाळ हाताशी असतं. नाभीतून लाइन (रक्तवाहिनीतली नळी) टाका, श्वासाची ट्यूब बदला, कुठलं दार उघडायला नको. किंमत कमी. वरून क्लिंग फिल्म ताणली की बाळाच्या कातडीतून पाण्याचं उडणंही बरंच आवरतं, फक्त दर वेळी ती उचलली की केलेलं वाया.

कारण मुळात पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या बाळाची कातडी पहिल्या काही दिवसांत पाणी धरून ठेवतच नाही. लघवीपेक्षा जास्त तिथूनच उडू शकतं. वॉर्मरखाली हे उडणं पेटीच्या दीडपट धरून चालतो मी, फोटोथेरपी (काविळीसाठीचे दिवे) असेल तर आणखी. आमच्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्याची झळ अडवायला ते बागेच्या कडेने शेवरी उगाच लावत नाहीत.

पण मला खरा वैताग आणला तो डायपरने. आपण डायपर तोलतो, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. ८०० ग्रॅमचं बाळ, ताशी किलोमागे १ मिली लघवी, म्हणजे तीन तासांत जेमतेम अडीच ग्रॅम. वॉर्मरच्या झळीत तेवढं वाळून जायला कितीसा वेळ? एका मे महिन्यातल्या रात्री काट्यावर एकच ग्रॅम आला. लघवी आटली समजून मी सलाइनचा बोलस (एकदम द्यायचा डोस) सांगूनही बसलो. सिस्टर म्हणाल्या, "सर, डायपर कोरडाच लागतोय, पण पिवळा डाग पार कडेपर्यंत आहे." रक्तातलं सोडियम मागवलं, १५६, म्हणजे खूपच चढलेलं. वजन जन्माच्या १३ टक्के खाली. पाणी कमी पडत होतं आणि मी मीठ द्यायला निघालो होतो. पुढे काही दिवस तासातासाला डायपर बदलून पाहिला, पण एवढ्याशा बाळाला इतकं हाताळणंही बरं नव्हे.

पेटीत, ८० टक्क्यांच्या आसपास ह्युमिडिटी ठेवली, की अशी फसगत फार कमी होते. पहिल्या दिवशी किलोमागे ८० मिली पाण्यावर सुरुवात करतो, सोडियम आणि वजन बघत वाढवतो, आणि मोठी उडी क्वचितच घ्यावी लागते. वॉर्मरवर देत होतो तो पाण्याचा जुना आकडा मात्र पेटीत चालू ठेवू नका. पाणी जास्त झालं की डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी) उघडा राहतो, फुफ्फुसं जड होतात.

पेटीचेही चोचले आहेत. आत वाफ धरते, बाळ धूसर दिसतं. ह्युमिडिटीच्या टाकीत निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच लागतं, ते रोज बदलायचं, नाहीतर स्यूडोमोनास हा जंतू बसलेलाच. घाईत आरओचं पाणी ओतणारा प्रत्येक युनिटात एक तरी असतो. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल आणि टाकीची शिस्त राहणार नसेल, तर फिल्म लावलेला वॉर्मर बरा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आमच्याकडे आता पहिला तासभर वॉर्मर, लाइन बसली की पेटी. तुमच्याकडे एक वॉर्मर असेलच. पैसे दुसऱ्या वॉर्मरवर घालायचे की पेटीवर, असं असेल तर मी तरी पेटी घेईन. ठरवण्याआधी सिस्टरांना मात्र विचारा. डायपर त्याच तोलतात.