आरसीसीबी बसवली, सहा महिन्यांचा अनुभव

कर्वेनगरला आमचा फ्लॅट 1986 चा, वायरिंग पण तेव्हाचंच. मागच्या जुलैत आईला गीझरचा नळ सोडताना शॉक बसला. नुसत्या झिणझिण्या आल्या म्हणाली, आणि मग कळलं की ती पंधरा दिवस बाथरूममध्ये रबरी स्लीपर घालून जात होती आणि कुणाला काही बोललीच नव्हती. त्याच शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन 40 अँपिअर, दोन पोल, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा खटका) घेतली, 2200 रुपये, पक्क्या बिलासकट.

एमसीबी आहे ना मग हे कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते हो, माणसासाठी नाही. 16 अँपिअरची एमसीबी 16 च्या वर लोड गेल्याशिवाय पडत नाही आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा हिस्सा पण पुरतो. आरसीसीबी काय करते तर फेजने गेला किती आणि न्यूट्रलने परत आला किती एवढंच बघत बसते, फरक 30 मिलीअँपिअरला (एमए) पोचला की 0.3 सेकंदाच्या आत सप्लाय बंद, कारण तेवढा करंट कुठूनतरी जमिनीत चाललाय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात पण चालते. पण फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर तिला कळत नाही आणि ओव्हरलोड पण कळत नाही, म्हणून एमसीबी काढू नका.

आता बसवण्याचं. पहिल्या इलेक्ट्रिशियनने बसवली, दहा मिनिटांत ट्रिप, परत वर केली परत ट्रिप, तर "जुन्या घरात ह्या टिकत नाहीत" म्हणून सरळ बायपास करून गेला! पैसे घेऊन! मला इतका राग आला. ती ट्रिप होत होती म्हणजेच तिचं काम करत होती ना.

मग लायसन्सवाले कॉन्ट्रॅक्टर दादा आले. त्यांनी आधी खाली मीटर रूममध्ये जाऊन आमचं किटकॅट (फ्यूज) काढलं आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलं, म्हणजे काम चालू असताना दुसरं कुणी लाइट चालू करूच शकणार नाही. हेल्पर पोरगा ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढत होता, त्याला खाली उतरवलं, लाकडी घोडा आणायला लावला, चपला काढून बूट घालायला लावले. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्यावर गीझरचा काटा जवळजवळ शून्यावर, म्हणजे करंट तिथून गळत होता. कॉइल बाहेर काढली तर पांढऱ्या क्षाराचा जाड थर आणि मधोमध बारीक चीर. शिवाय जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल आमच्यात मिसळलेला निघाला, म्हणजे गेल्या-आल्याचा हिशोबच जुळत नव्हता, तो वेगळा केला. दोन दिवस गेले, पण त्यानंतर एकदाही उगाच ट्रिप झालेली नाही.

दादांकडूनच कळलं की आरसीसीबी बसवणं नियमातच आहे. आधी 1956 चे नियम होते, मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे आले, आता 2023 चे आहेत, आणि घरासाठी 30 एमएची मर्यादा त्यात लिहिलेली आहे. पण आमच्याकडे इतक्या वर्षांत बोर्ड उघडून बघायला कुणी आलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, पुण्यात भाड्याने घर द्यायचं तर करार रजिस्टर करा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, मग त्याच कागदांत लायसन्सवाल्याचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट का नको? आमच्याच गल्लीत कॉलेजच्या मुली चार-चार जणी राहतात, बादलीत हीटर रॉड टाकून पाणी तापवतात, त्यांच्या रूमवर आरसीसीबी असेल का हो? आणि त्या हेल्पर पोरासारख्यांना हातमोजे-बूट देणं हे मालकाच्या मर्जीवर का असावं, न दिलं तर दंड झालाच पाहिजे.

घेताना आयएसआय मार्क आणि आयएस 12640 हा नंबर बघा, घरासाठी 30 एमएच मागा, दुकानदार 100 ची देईल तर घेऊ नका. इन्व्हर्टर असेल तर बसवणाऱ्याला आधीच सांगा, त्याचा न्यूट्रल पण असाच मिसळलेला असू शकतो. वर छोटं टेस्टचं बटण असतं, ते दर एक तारखेला दाबायचं, खटका पडलाच पाहिजे. आमच्याकडे ते काम आईने घेतलंय.