टेबल टेनिसमध्ये डिफेन्ससाठी बॅटला कुठलं रबर घ्यायचं: लाँग पिंपल, अँटी की साधंच पातळ?

आमच्या हॉलमध्ये वर्षभरात तीन जणांनी मला हेच विचारलं, "आता मारामारी झेपत नाही, डिफेन्स करायचाय, कुठलं पिंपल घेऊ?" (पिंपल म्हणजे बाहेरच्या बाजूला बारीक काटे असलेलं रबर.) आणि तिघांनाही मी उलटा एकच प्रश्न केला की तुम्ही उभे कुठे राहता. कारण आपण ज्याला सरसकट डिफेन्स म्हणतो त्यात दोन वेगळे धंदे आहेत. एक म्हणजे टेबलाला चिकटून उभं राहायचं आणि जे येईल ते ब्लॉक करून समोरच्याला वैताग आणायचा. दुसरा म्हणजे सात-आठ फूट मागे सरकून समोरच्याच्या लूपला, म्हणजे बॉल पुढे फिरवत मारलेल्या जोरदार फटक्याला, वरून खाली कापत चॉप मारत राहायचं. एकाचं रबर दुसऱ्याला चालत नाही. हे मला स्वतःचे पैसे घालवून कळलंय, ते पुढे सांगतो.

आधी लाँग पिंपल, कारण डिफेन्स म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात तेच येतं. याचे काटे लांब आणि मऊ असतात, अंगठ्याने दाबून बघा, आडवे पडतात. बॉल आपटला की काटे वाकतात, रबर बॉलला धरून ठेवत नाही, त्यामुळे समोरच्याने टाकलेला स्पिन बऱ्यापैकी तसाच शिल्लक राहतो. बॉल फिरतोय त्याच दिशेने पण जातोय उलटा, म्हणजे त्याचा टॉपस्पिन (पुढे फिरणारा) त्यालाच बॅकस्पिन (मागे फिरणारा) होऊन परत मिळतो. जेवढा जोरात लूप मारेल तेवढा जड चॉप त्याच्याकडे जाणार आणि बिचारा नेटमध्ये मारून स्वतःच्या बॅटकडे बघत बसणार. इथपर्यंत सगळं छान.

पण हा सगळा उधारीचा व्यवहार आहे. समोरच्याने स्पिनच दिला नाही, सरळ मेलेला बॉल ढकलला, तर तुमच्या पिंपलमधून काय निघणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि त्याने बॅकस्पिन पुश केला (खालून हळूच ढकलला) आणि तुम्ही पिंपलनेच परत पुश केलात तर तो बॉल हलका टॉपस्पिन घेऊन किंवा नुसता तरंगत जातो, थोडा उंच गेला की झालं. क्लबमधल्या जुन्या खोडांना हे पक्कं माहीत असतं, ते पहिल्या गेमला हरतात आणि दुसऱ्यापासून तुमच्या पिंपलवर फक्त लांब, सरळ, बिनस्पिनचे बॉल टाकत राहतात.

आता स्पंज, म्हणजे रबराखालचा मऊ थर. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. ओएक्स म्हणजे स्पंज नसलेलं नुसतं काट्यांचं पातळ रबर, नियमाने गोंदासकट जास्तीत जास्त 2 मिमी. यात स्पिन सगळ्यात जास्त उलटतो असं ऐकून मी तेच लावलं आणि मागे उभा राहून चॉप मारायला लागलो. हळू लूपवर ठीक चाललं, पण कोणी दणकून मारला की बॉल काटे चिरडून थेट लाकडावर आपटायचा, टक्क असा कोरडा आवाज यायचा आणि चॉप थेट शेजारच्या टेबलावर. दोन महिने मला वाटत होतं माझा हातच वाईट आहे. मग त्याच बॅटला 1 मिमी स्पंजचं लावलं आणि पहिल्याच संध्याकाळी फरक कळला, बॉल क्षणभर आत बसतो, हात खाली न्यायला वेळ मिळतो. म्हणून माझं सरळ मत आहे, मागून चॉप करणार असाल तर 0.8 ते 1.2 च्या आसपास स्पंज घ्या, आणि ओएक्स टेबलाजवळच्या ब्लॉकवाल्यांना सोडा. त्यांच्या हातात तेच ओएक्स भारी, बॉल उडी घेतोय तोवरच नुसती बॅट लावली तरी तो डुगडुगत पलीकडे जाऊन पडतो.

नावं हवी असतील तर चॉपसाठी बटरफ्लायचं फेइंट लाँग किंवा टीएसपीचं कर्ल पी-1आर (आता ही मालिका व्हिक्टासच्या नावाने येते), आणि टेबलाजवळच्या खेळाला टिबहारचं ग्रास डीटेक्स. चायनीज मध्ये 755 किंवा 388डी-1 बघा, किंमत जपानी-जर्मन रबराच्या निम्म्याहून कमी असते आणि पहिल्या वर्षासाठी तेवढं पुरतं, उगाच महागाच्या मागे लागू नका. कर्ल म्हटलं की दक्षिण कोरियाचा जू से-ह्युक आठवतो, चॉपवाला असून 2003 ला पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचला होता (ऑस्ट्रियाच्या श्लागरकडून हरला), पण त्याचे व्हिडिओ बघितलेत तर कळेल की पॉइंट तो बऱ्याचदा फोरहँडच्या साध्या रबराने मारून काढतो.

अँटीस्पिनबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे, म्हातारपणाचं रबर म्हणतात. दिसायला साध्या रबरासारखं सपाट, पण वरचा थर घसरडा आणि खाली मेलेला स्पंज. पिंपलपेक्षा हे शिकायला सोपं, कारण बॉल प्रत्येक वेळी साधारण एकसारखा येतो, काटा असा वाकला तसा वाकला ही भानगड नाही. ज्यांना सर्व्हिस रिसीव्ह करता येत नाही, समोरच्याचा स्पिन वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी तर वरदान, नुसती बॅट लावा. तोटा असा की बॉल फारच हळू जातो, मागे उभं राहिलात तर टेबलापर्यंत पोचवायला जीव काढावा लागतो, म्हणजे हे टेबलाजवळचंच रबर. आणि ज्यांना हे अजूनही म्हाताऱ्यांचं वाटतं त्यांनी फेब्रुवारी 2024 ची बुसानची मॅच बघावी, ऐहिका मुखर्जीने बॅकहँडच्या अँटीवर तेव्हा जगात नंबर एक असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरवलं. मनिका बत्राचं बॅकहँडचं पिंपलही असंच टेबलाजवळचं, ब्लॉक करते आणि मध्येच बॅट हातात फिरवून दुसऱ्या बाजूच्या रबराने मारते, तिला डिफेन्सवाली म्हणताच येत नाही.

बॅट फिरवायची सवय मात्र पिंपल घ्या नाहीतर अँटी, लावावीच लागेल. दोन बाजूंना एकच रंग चालायचा त्या काळात कुठल्या बाजूने मारलं याचा समोरच्याला पत्ताच लागायचा नाही, म्हणून 80 च्या दशकात वेगवेगळ्या रंगांचा नियम आला. आता एक बाजू काळी आणि दुसरी लाल, 2021 च्या शेवटापासून गुलाबी-निळी-हिरवीही चालते. म्हणजे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसतंच, पण घाईत किती जण बघतात?

शॉर्ट पिंपलवर (आखूड काट्यांचं रबर) फार लिहीत नाही, तो मुळात मारणाऱ्यांचा माल आहे. चॉप होतो, पण जड होत नाही.

राहिलं साधं रबर, पातळ स्पंजचं, 1.3 ते 1.5. हा पर्याय कोणी विचारतच नाही आणि मला वाटतं नव्याने चॉप शिकणाऱ्याने सुरुवात यानेच करावी, दोन्ही बाजूंना. बटरफ्लायचं टॅकीनेस चॉप तर नावासकट यासाठीच बनलंय, नाहीतर सरळ यासाकाचं मार्क व्ही पातळ घ्या. यात स्पिन तुमचा स्वतःचा असतो, एक चॉप जड, पुढचा तसाच हात फिरवून रिकामा, आणि मेलेल्या बॉललाही तुम्ही स्पिन देऊ शकता, सर्व्हिसही नीट होते. त्रास एवढाच की समोरच्याचा स्पिनही पूर्ण लागतो, तगड्या लूपवर अँगल जरा चुकला की बॉल छताला. सहा महिने शिव्या खाव्या लागतील, पण हात तयार होतो, मग बॅकहँडला पिंपल आणलंत तरी तुम्ही पिंपलचे गुलाम राहत नाही. आणि मुंबई-कोकणवाल्यांनी हे लक्षात ठेवा की जुलै-ऑगस्टमध्ये साध्या रबरावर दमटपणा बसतो आणि बॉल घसरायला लागतो, दर दोन पॉइंटला टी-शर्टला पुसत बसावं लागतं. पिंपलला त्याचा त्रास बराच कमी.

तर ते तिघं. एकाचे गुडघे गेलेत, टेबल सोडवत नाही, त्याला मी अँटी सांगितलं आणि तो खूश आहे. दुसरा कॉलेजचा पोरगा, पळायची हौस, त्याला फोरहँडला 1.8 चं साधं आणि बॅकहँडला 1 मिमीचं पिंपल, पण आधी दोन महिने दोन्ही बाजूंना साधं खेळ म्हटलं, ऐकलं नाही त्याने. तिसऱ्याकडे कार्बनची फास्ट ब्लेड (रबराखालची फळी) होती, त्याला म्हटलं आधी ती बदल, हळू लाकडाची घे, नाहीतर वर काहीही चिकटव, बॉल उडतच राहणार.

आणि ओएक्स घेतलंत तर चिकटवताना घाई करू नका. दोन्हीकडून चिकट असलेल्या शीटवर ते बसतं, ओढत ओढत लावलं तर ताणलं जातं आणि काटे तिरके उभे राहतात, नुसतं वरून सोडत सोडत न्यायचं आणि पेल्याने हलकं लाटायचं. एकदा बसलं की काढताना बहुतेक वेळा फाटतंच.