कोवलमचा सर्फिंग क्लास : विहिरीत पोहणाऱ्या पोट्ट्यांनी जावं का?

आधी सांगून टाकतो, समुद्र मी याच्या आधी एकदाच पाहिला होता, तोबी मुंबईत गेटवेच्या कठड्यावर उभं राहून. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा तालुक्यातलं, चहूकडं कापूस, तूर न कोळशाच्या खाणी, पाणी म्हणजे वर्धा नदी नाहीतर मोठ्या बाबाची विहीर. पाठीले डब्बा बांधून तिथंच पोहायले शिकलो सगळे. त्याच्यामुळं आमच्यासारख्यांनी सर्फिंगले, म्हणजे फळीवर (बोर्डावर) उभं राहून लाटेवर स्वार व्हायले, जावं का, गेलं तर कसं, न आम्ही ज्या क्लासले गेलतो तो पैसे वसूल हाय का, हे सगळं इथं लिहून रायलो, काहून का मले जाच्या आधी मराठीत असं कुठंच सापडलं नाही.

आम्ही तिघं गेलतो, मी, चुलत भाऊ न एक दोस्त, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तूर निघून कापूस विकून झाल्यावर.

पहिली गोष्ट, कोवलम दोन हायेत. एक केरळात तिरुवनंतपुरमजवळ, ते फेमस, न दुसरं तमिळनाडूत, चेन्नईच्या खाली ईस्ट कोस्ट रोडवर (ईसीआर) चाळीसेक किलोमीटर. दोन्हीकडं सर्फिंग शिकवतात म्हणून मोबाईलवर शोधलं की दोन्हीची माहिती एकात एक येते. भावानं केरळातली रूम पाहून ठेवली होती न मी चेन्नईची तिकिटं, पैसे भरायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. चंद्रपूर-नागपूरकडच्या माणसाले तमिळनाडूवालंच सोपं. तमिळनाडू एक्स्प्रेस बल्लारशाले थांबते, दुपारनंतर बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रल. केरळले जायले दीड दिवस गाडीतच जाते. सेंट्रलवरून आधी चेन्नईतलंच तिरुवान्मियूर गाठायचं, तिथून ईसीआरच्या बसा भेटतात.

सीझनचं नीट समजून घ्या, कारण अर्धा ट्रिप तिथंच बिघडते. बंगालच्या उपसागराच्या बाजूनं मोठ्या लाटा साधारण मे ते सप्टेंबर येतात, तिकडं दक्षिणेत नैऋत्य मोसमी वारे जोरात असतात त्यांच्यामुळं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा खरा पावसाळा न चक्रीवादळांचा काळ, तेव्हा नवशिक्यानं जाऊच नये. जानेवारी ते मार्च लाटा लहान, म्हणजे शिकायले एकदम बेस. आपली शेतीची कामंबी तेव्हाच जरा सरतात. पण दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणत असाल तर राजेहो नका जाऊ, तेव्हा दुसरं काही करा.

आता क्लासचं. बीचवर क्लास दोन-चार हायेत, आमचा लहानसा होता, शिकवणारे सगळे तिथल्याच मच्छीमारांच्या घरचे पोट्टे. या गावात सर्फिंग मच्छीमारांपासूनच सुरू झालं, मूर्ती मेगावन या मच्छीमाराचं नाव तिथं सगळे पहिला सर्फर म्हणून घेतात. एका सेशनले माणशी दीड-दोन हजाराच्या घरात, बोर्ड न अंगात घालायचा टाइट टीशर्ट त्यातच. आम्ही तीन दिवस तीन सेशन केले.

मले वाटलं होतं गेल्या गेल्या पाण्यात नेतील. सकाळी सहाले बोलावलं न पाऊण तास रेतीतच बसवून ठेवलं. भाऊ वैतागला, म्हणे आमाले पोहता येते, विहिरीत वरून उडी मारतो आम्ही. त्या शिकवणाऱ्यानं मोडक्या हिंदीत त्याले विचारलं, या पाण्यात सगळ्यात सेफ जागा कोणती दिसते? भावानं बोट दाखवलं तिथं लाटा फुटतच नव्हत्या, दोन्हीकडं पांढरा फेस न मधात शांत पट्टा. मीबी तीच जागा दाखवली असती. तो म्हणे तीच सगळ्यात खतरनाक. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायले वाट काढते, ती वाट म्हणजे हा पट्टा, त्याले रिप म्हणतात, तिथं लाट फुटत नाही म्हणून शांत दिसते न माणूस तिथंच उतरते आणि सरळ आत ओढला जाते. ओढलं तर किनाऱ्याकडं तोंड करून जोर लावायचा नाही, दम तुटते, बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याले समांतर आडवं पोहत जायचं, पट्टा जास्त रुंद नसते, त्याच्या बाहेर आलं की लाटाच परत आणून सोडतात.

विहिरीत शांत पाणी म्हणजे भिऊ नको असं लहानपणापासून डोक्यात बसलं हाय. समुद्रात उलटं हाय हे आमाले तेवीस-चोवीस वर्षांच्या वयात त्या रेतीत बसून कळलं. या एका गोष्टीसाठी मी त्या क्लासले पूर्ण मार्क देतो. शेजारच्या दुसऱ्या क्लासवाले पाच मिनिटात पाण्यात गेले होते, त्यांचे फोटो आमच्या आधी निघाले, पण माझ्या घरचं कोणी शिकायले गेलं तर मी त्याले आमच्याच क्लासले पाठवीन.

मग पाण्यात. नऊ फुटाचा फोमचा बोर्ड, पायाले दोरी बांधलेली, कमरेइतक्या पाण्यात. पालथं झोपायचं, मागून लाट आली की शिकवणारा आपला बोर्ड ढकलून ओरडते पॅडल पॅडल (हातानं पाणी मागं सार), अप (उठ)! पहिल्या दिवशी मी एकदाबी उभा झालो नाही. गुडघ्यावर यायची सवय लागली की मग सुटत नाही असं तो म्हणे, म्हणून दरवेळी दोन्ही हात छातीजवळ दाबून पाय एकदमच आणायचे. दुसऱ्या दिवशी सातव्या-आठव्या लाटेले उभा झालो, तीन सेकंद असन, नजर खाली बोर्डावर गेली की पडलो, समोर किनाऱ्याकडं पाहिलं तेव्हा टिकलो. ते तीन सेकंद कसे असते हे मले सांगता येत नाही, पायाखालचं पाणी स्वतः चालून रायलं न तुमाले घेऊन जाऊन रायलं, बस. दोस्त तर रडलाच, खोटं नाही सांगत.

पडायची रीत शिकवतात ती ऐका, डोक्यावर हात घेऊन आडवं पडायचं, सूर मारायचा नाही, खाली रेती कधी गुडघ्याइतक्या पाण्यातच असते.

तक्रारी बी हायेत. रविवारी चेन्नईची गर्दी आली न एका शिकवणाऱ्यामागं सहा जण झाले, आमाले दीड तासात मोजून आठ लाटा भेटल्या, सोमवारी तेवढ्याच वेळात वीसेक. म्हणून मधल्या वारी जा. फोटोचे पैसे वेगळे हायेत हे आधी सांगतलं नाही, शेवटी बिलात आले, हे मले आवडलं नाही न मी तोंडावर सांगतलं, त्यांनी अर्धे कमी केले. एवढ्यासाठी पाचातला एक स्टार कमी.

सकाळचंच सेशन घ्या, दुपारी समुद्रावरून जमिनीकडं वारा सुटते न लाटा अस्ताव्यस्त होतात. बीचले २०२१ साली ब्लू फ्लॅग, म्हणजे साफ न सेफ बीचले देतात तो परदेशी शिक्का, भेटला हाय, संडास, कपडे बदलायच्या खोल्या, लाइफगार्ड हायेत, आमाले सगळं साफ दिसलं. चंद्रपूरच्या उन्हात वाढलो म्हणून क्रीम लावली नाही, गुडघ्याच्या मागची चामडी सोलून निघाली. पाणी ऊन वरून परत फेकते, जाड पांढरी झिंकवाली क्रीम न्या. बरगड्याबी दुखतात, पहिल्या रात्री कुशीवर झोपता आलं नाही. खायचे हाल नाहीत, मच्छी खात असाल तर मजाच हाय, दोस्त माळकरी हाय त्याले केळीच्या पानावरचं जेवण पोटभर भेटलं, भातावर भात. शेंगदाण्याची चटणी घरून न्या फक्त, ती आम्ही शिकवणाऱ्या पोट्ट्यांलेबी चारली, डब्बा तिथंच रिकामा झाला.

सगळा मिळून खर्च, स्लीपरचं तिकीट, मच्छीमाराच्या घरची रूम, तीन सेशन, खाणं, माणशी दहा हजाराच्या आतच बसला.

एक टीप महाबलीपुरमबद्दल, तिथून अजून वीसेक किलोमीटर खाली हाय, शोअर टेम्पलच्या, म्हणजे समुद्राकाठच्या जुन्या दगडी मंदिराच्या, बाजूलेच लाट फुटते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा तिथंच झाली न रमेश बुदिहालनं ब्राँझ आणलं, भारताले या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक मेडल. आम्ही शेवटच्या दुपारी नुसतं पाहायले गेलतो, तिथली लाट आमच्या लायकीची नव्हती अजून.

पुढच्या जानेवारीत परत चाललो, यावेळी चुलत बहीण बी हाय, बारावी झाली तिची. मोठे बाबा नाही म्हणत होते, मी त्याईले रेतीवर काडीनं काढतात तसं अंगणात चित्र काढून ती रिपची गोष्ट समजावून सांगतली, दोनदा विचारली त्यायनं, मग म्हणे आधी तिले विहिरीत दम धरायले शिकव. सध्या रोज संध्याकाळी तेच चालू हाय.